ड्रायरच्या रेडिएटरमधलं पाणी: बुश, ढाळ आणि ट्रॅप

खानदेशात वाफेचा रेडिएटर दिसतो तो कारखान्यात. कांदा, लसूण, मिरची सुकवणाऱ्या ड्रायरमध्ये ब्लोअर हवा ढकलतो, ती हवा फिन असलेल्या नळ्यांच्या जाळीतून जाते आणि तापून ट्रेवर पोचते. नळ्यांच्या आत वाफ थंड होते, तिचं पाणी होतं, आणि ते पाणी खालच्या हेडरमधून (नळ्यांची टोकं जिथे एकत्र येतात त्या जाड पाइपातून) बाहेर पडायला हवं. जळगावच्या बाजूला एका कांदा युनिटमध्ये अशाच दोन रेडिएटरचं पाइपिंग आम्ही हंगामाआधी उकलून नव्यानं बसवलं. काय काय केलं आणि का केलं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण हीच खोड आजूबाजूच्या बऱ्याच ड्रायरना आहे.

तक्रार नेहमीचीच होती. सकाळी वाफ सोडली की पाइपात दणादण ठोके बसायचे. रेडिएटर वरून कडक तापायचा, खालच्या दोन ओळी मात्र कोमट. त्यामुळे ड्रायरच्या खालच्या ट्रेमधला कांदा वरच्यापेक्षा कितीतरी मागे राहायचा, आणि तो वाळेपर्यंत थांबलं की वरचा तांबूस पडायचा. ट्रॅप आधीच बदलून झाले होते. अशा वेळी पहिलं बोट ट्रॅपकडेच जातं. पण ट्रॅप पाणी ओढत नाही, हे पक्कं लक्षात घ्यायला हवं. त्याच्यापर्यंत पाणी पोचलं तर तो ते पुढे सोडतो आणि वाफ आली की दार लावतो, एवढंच त्याचं काम. ट्रॅपपर्यंत पाणी आपल्या वजनानं, कुठेही न अडखळता उतरलं पाहिजे. हा रस्ता तुटलेला असेल तर कितीही महागडा ट्रॅप लावा, खालच्या नळ्या पाण्यातच राहणार.

रस्ता कुठे तुटला होता ते हेडरच्या तोंडाशीच सापडलं. खालचा हेडर दोन इंची, आणि त्याच्या टोकाला दोन इंची-पाऊण इंची साधं बुश (मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) लावून पुढे पाऊण इंची पाइप काढलेला. साध्या बुशाचं भोक बरोबर मध्यावर असतं. हेवी क्लासच्या दोन इंची पाइपचा आतला व्यास साधारण ५१ मिलिमीटर, पाऊण इंचीचा साधारण २०.५. म्हणजे भोकाची खालची कड हेडरच्या तळापासून सुमारे १५ मिलिमीटर, जवळजवळ पाच सूत वर राहते. हेडरमधलं पाणी पाच सूत चढल्याशिवाय बाहेरच पडणार नाही. बुश काढून हेडरमध्ये बॅटरी मारली तेव्हा आत दोन्ही बाजूंना गंजाची सरळ रेघ दिसली. रेघेच्या वर काळसर, घट्ट पापुद्रा, खाली तांबडा चिखल आणि खड्डे पडलेली भिंत. पाणी कायम कुठवर उभं होतं, हे त्या रेघेवर पट्टी लावून मोजता येत होतं.

हे साठलेलं पाणी तीन प्रकारे नुकसान करतं. वाफ जोरात आली की ते उचललं जाऊन पुढच्या एल्बोवर आपटतं, तेच ठोके. दुसरं, आडव्या नळ्यांच्या रेडिएटरमध्ये सगळ्यात खालची नळी पाण्यानं भरलेली आणि वरच्या नळ्या वाफेनं तापलेल्या, असा फरक पडतो. लोखंड दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. दोन मीटरच्या नळ्यांमध्ये ६० अंशांचा फरक असेल तर वरची नळी खालचीपेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होते. दोघी एकाच हेडरला वेल्ड केलेल्या, मग ताण जातो तो वेल्डवर. खालच्या नळीचा सांधा वारंवार फुटतो तो यामुळे, आणि वेल्डर बिचारा तोच सांधा पुन्हापुन्हा भरत बसतो. तिसरं नुकसान गंजाचं, त्याबद्दल पुढे.

यावर उपाय म्हणजे एक्सेंट्रिक बुश किंवा रिड्यूसर, ज्याचं भोक मध्याऐवजी एका कडेला असतं. ती कड खाली ठेवली की तळाचं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं. अमेरिकेतल्या जुन्या घरांत एकाच पाइपातून वाफ आत जाते आणि त्याच पाइपातून पाणी परत येतं, अशी रेडिएटरची पद्धत आहे. तिथे हे बुश फार कामाचं ठरतं, कारण रेडिएटरच्या तोंडाशी थोडंही पाणी साचलं तर येणारी वाफ त्याच्यावरच आदळते. आपल्याकडे वाफेची आणि पाण्याची तोंडं वेगळी असतात, पण तळाच्या तोंडाचा हिशेब तोच.

आटे असलेलं एक्सेंट्रिक बुश बसवताना एक अडचण हमखास येते. बुश घट्ट बसतं तेव्हा भोक खालीच येईल याची खात्री नसते. म्हणून आधी बुशाच्या बाहेरच्या तोंडावर, भोक ज्या कडेला आहे तिथे खडूनं खूण करायची. कोरडंच हातानं फिरवून पाहायचं, खूण कुठे थांबते ते बघायचं. मग धाग्याचे वेढे कमी-जास्त करून शेवटचा आवळ खूण तळाला आल्यावर लागेल असं जुळवायचं. पाना मारताना खूण थोडी पुढे गेली तर बुश उलटं फिरवून मागे आणू नका, सांधा गळतो. काढा, साफ करा, नवा धागा भरा. टेफ्लॉन टेप आम्ही ट्रॅपच्या आधीच्या सांध्यांवर वापरत नाही. तिचे तुकडे सुटून ट्रॅपच्या सीटवर, म्हणजे त्याचं दार जिथे टेकतं त्या भोकावर, बसतात. ज्यूटचा धागा आणि वाफेला चालणारी पेस्ट, तीही फक्त बाहेरच्या आट्यांवर, पहिले दोन आटे कोरडे ठेवून.

आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत सहसा मधल्या भोकाचंच बुश मिळतं. एक्सेंट्रिक मागवावं लागतं. हंगाम तोंडावर असेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे हेडरचं टोक डमीनं बंद करायचं आणि तळालाच भोक पाडून पूर्ण मापाचा तुकडा खाली वेल्ड करायचा. या कामात आम्ही तेच केलं. दोन इंची हेडरच्या तळाला दीड इंची तुकडा, सरळ खाली. भोक गॅसनं पाडलं तर आत मळी लोंबते, ती कानसीनं आणि ग्राइंडरनं साफ करून बोट फिरवून पाहायचं. वेल्डचा काठ आत वर आला तर तोच नवा बांध होतो.

ढाळ बघायला पाणसळ पुरते, पण लांब हेडरला पारदर्शक नळीची लेव्हल जास्त खरी. रेडिएटर पाण्याच्या तोंडाकडे मीटरला किमान एक सेंटिमीटर उतरता हवा. इथे तो उलट्या बाजूला झुकलेला होता, कारण स्टँडचा एक पाय बसला होता. पायाखाली पट्ट्या सारून तो उचलला. ही दोन पट्ट्यांची दुरुस्ती राहिली असती तर पुढचं सगळं पाइपिंग फुकट गेलं असतं.

आता खालचा पॉकेट, म्हणजे पाणी आणि गाळ उतरायचा उभा पाइप, आणि ट्रॅपची उंची. पाण्याच्या तोंडापासून ट्रॅपच्या तोंडापर्यंत सरळ खाली किमान ३०० मिलिमीटर उतार द्यायचा. ३०० मिलिमीटर पाण्याचा दाब ०.०३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) होतो. कंट्रोल व्हॉल्व्हनं वाफ अगदी कमी केली तरी तेवढ्या दाबावर पाणी ट्रॅपमधून सरकत राहतं. आम्ही ६०० ठेवले. रेडिएटर जमिनीलगत असल्यानं शेजारी विटांचा खड्डा बांधावा लागला. खड्डा एवढा मोठा हवा की माणूस आत वाकून युनियनवर (पाइप न कापता खोलता येणाऱ्या सांध्यावर) पाना फिरवू शकेल, आणि त्याला निचरा हवा, नाहीतर पावसाळ्यात ट्रॅप पाण्याखाली जातो. ट्रॅपची फांदी उभ्या पाइपच्या बाजूनं काढायची आणि उभा पाइप तसाच पुढे १०० मिलिमीटर खाली नेऊन त्याला ड्रेन कॉक लावायचा. गंज, वेल्डची मळी, वाळू त्या बुडात बसते, ट्रॅपकडे जात नाही.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. दोन्ही रेडिएटरचं पाणी एकत्र करून एकच ट्रॅप लावलेला होता. असं करून खर्च वाचतो असं वाटतं, पण हिशेब मांडून बघा. हवा आधी पहिल्या रेडिएटरमधून जाते, मग दुसऱ्यातून. वाफ २ किलो दाबाची, म्हणजे सुमारे १३३ अंश. हवा ३० अंशांची आत येते आणि ८० अंशांवर बाहेर पडते. दोन्ही रेडिएटर सारखे असले तर पहिल्यातून निघताना हवा साधारण ५९ अंशांची असते. म्हणजे पहिला २९ अंश चढवतो, दुसरा २१. पहिल्यात वाफ जास्त वेगानं विरते, म्हणून त्याच्यातला दाब दुसऱ्यापेक्षा कमी पडतो. दोघांची तोंडं पुढे जोडलेली असली की दुसऱ्याचा दाब पहिल्याच्या तोंडावर येऊन बसतो आणि पहिल्याचं पाणी आतच अडकतं. ज्याच्यात सगळ्यात जास्त पाणी होतं, नेमका तोच तुंबतो. म्हणून प्रत्येक रेडिएटरला स्वतंत्र ट्रॅप, यात तडजोड नाही.

पाणी किती, हेही काढून ठेवलं. ब्लोअर तासाला १०,००० घनमीटर हवा देत असेल, तर ३० अंशांवरून ८० वर न्यायला तासाला साधारण १ लाख ३७ हजार किलोकॅलरी लागतात. २ किलोच्या वाफेची सुप्त उष्णता किलोला सुमारे ५१७ किलोकॅलरी. म्हणजे तासाला २६५ किलोच्या आसपास पाणी. हा झाला उन्हाळ्याकडे झुकलेला हिशेब. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर किंवा त्याहून खाली येतो. तेव्हा तीच हवा जड असते आणि ७० अंश चढवावी लागते, पाणी ४०० किलोच्या घरात जातं. ट्रॅप एप्रिलच्या हिशेबानं घेतला तर जानेवारीत कमी पडतो. ४०० मधले ६० टक्के पहिल्या रेडिएटरचे, म्हणजे २४०. निवड करताना याच्या तिप्पट, साधारण ७२० किलो, आणि तेही निम्म्या दाबफरकावर म्हणजे १ किलोवर तक्त्यात बघायचं. पाइपचं माप बघून ट्रॅप घेणं चुकीचं आहे. एक इंची पाइपला एक इंची ट्रॅप आणला पण त्याची सीट जास्त दाबाची निघाली, तर भोक बारीक असतं आणि पाणी निम्मंसुद्धा जात नाही. फ्लोट ट्रॅपच्या (आत तरंगता गोळा असलेल्या ट्रॅपच्या) प्लेटवर कमाल दाबफरक लिहिलेला असतो. २ किलोच्या कामाला साडेचार बारची (बार आणि किलो जवळजवळ सारखेच) सीट घ्या, चौदाची नको. मात्र कधी दाबफरक साडेचारच्या वर गेला तर फ्लोटला दार उघडता येत नाही आणि ट्रॅप बंदच राहतो, म्हणून अलीकडचा पीआरव्ही (वाफेचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह) नीट चालतो ना ते बघा.

रेडिएटरला फ्लोट ट्रॅपच का? जुना होता तो थर्मोडायनॅमिक, चकतीवाला. मेन लाइनच्या ड्रिपला (लाइनमधलं पाणी काढायच्या जागेला) तो उत्तम. पण तो ठेचकाळत, थांबत-थांबत पाणी सोडतो, कमी दाबावर चाचरतो, आणि सकाळी भरलेली हवा जोरात आली की चकती बंद करून बसतो. फ्लोट ट्रॅप पाणी येईल तसं सोडतो, आणि त्याच्या आत हवा काढायची थर्मोस्टॅटिक कॅप्सूल असते. फ्लोट ट्रॅप सरळ आडवा बसला पाहिजे. अंगावरचा बाण वाहण्याच्या दिशेनं, आणि झाकण काढता येईल एवढी जागा समोर.

ट्रॅपच्या आधी स्ट्रेनर (गाळणी), नंतर साइट ग्लास (आतलं पाणी दिसायची काच), त्यानंतर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), दोन्ही टोकांना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह. साइट ग्लास ट्रॅपला चिकटवू नका, हातभर तरी पुढे ठेवा, नाहीतर काच झिजते. स्ट्रेनरचं पोट पाण्याच्या लाइनवर खाली चालतं. वाफेच्या लाइनवर मात्र ते आडवं, बाजूला ठेवायचं, नाहीतर त्या पोटात पाणी साठतं आणि कंट्रोल व्हॉल्व्हवर आपटतं.

वाफेच्या बाजूलाही दोन गोष्टी बदलल्या. फांदी मेन पाइपच्या कुशीतून निघालेली होती, ती पाठीवरून काढली, म्हणजे मेनमधलं पाणी रेडिएटरकडे येत नाही. आणि आडव्या पाइपवर माप कमी होतं तिथे एक्सेंट्रिक रिड्यूसर, सपाट बाजू खाली. मेनला ३० ते ५० मीटरवर ड्रिप पॉकेट हवा, ४ इंचीपर्यंत मेनच्याच मापाचा. अर्ध्या इंचीची सोंड लावली तर पाणी तिच्यावरून सरळ निघून जातं. दाब ३.५ किलोच्या वर असेल तर तो पाइप आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये) येतो. तिथे सर्टिफिकेटचा पाइप आणि आयबीआर परवान्याचा वेल्डर, स्थानिक जुगाड चालत नाही. पाण्याच्या लाइनला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरू नका, गरम पाण्यात जस्त सुटून ट्रॅपमध्ये येतं. एमएस (साधं पोलाद), सी म्हणजे हेवी क्लास, लाल पट्ट्याचा घ्या. भिंत जाड असल्यानं गंजाला तो जास्त वर्षं तोंड देतो.

व्हॅक्यूम ब्रेकरची गरज आपल्याकडे वेगळ्या कारणानं जास्त आहे. लाइट गेली की ब्लोअर थांबतो, बॉयलरचा पंखाही थांबतो, दाब उतरतो आणि कंट्रोल व्हॉल्व्ह बंद होतो. रेडिएटरमध्ये अडकलेली वाफ विरली की आत पोकळी होते. मग पाणी बाहेर जायचं सोडून आत ओढलं जातं, आणि लाइट आल्यावर वाफ त्या पाण्यावर आदळते. कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे, रेडिएटरच्या वरच्या तोंडाशी, उभ्या निप्पलवर अर्ध्या इंचीचा व्हॅक्यूम ब्रेकर लावला की दाब वातावरणाच्या खाली जाताच तो हवा आत घेतो आणि पाणी आपल्या वजनानं उतरतं.

ट्रॅपनंतरची लाइन वर चढवून थेट बॉयलरच्या टाकीत नेलेली होती. दर मीटर चढाला ०.१ किलो दाब लागतो, चार मीटरला ०.४. कंट्रोल व्हॉल्व्हनं रेडिएटरमधला दाब त्याच्या खाली आणला की पाणी जागेवर थांबलं. म्हणून ट्रॅपनंतर पाणी ढाळानं एका उघड्या व्हेंटच्या टाकीत सोडलं आणि तिथून पंपानं पुढे. पंप टाकीच्या खाली ठेवायचा. पाणी ९०-९५ अंशांचं असतं, पंपाला ते वरून मिळालं नाही तर त्यात वाफ धरते आणि इम्पेलर खातो.

या लाइनचं माप पाण्यावर काढू नका. १३३ अंशांचं पाणी १०० वर येताना सुमारे ६ टक्के पुन्हा वाफ होते. ४०० किलोमधून साधारण २५ किलो, आणि त्याचं आकारमान तासाला ४० घनमीटर. एक इंची पाइपात हा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास जातो, पाणी उसळत चालतं. दीड इंचीत साडेआठ मीटर, ते ठीक.

लाइन जोडून झाल्यावर ट्रॅप लगेच बसवले नाहीत. ट्रॅपच्या जागी तुकडा लावून, तोंड खड्ड्याबाहेर सुरक्षित वळवून, कमी दाबाची वाफ सोडली. आधी काळं पाणी, मग वेल्डच्या गोळ्या, मग तांबडं पाणी, आणि स्वच्छ आल्यावरच ट्रॅप. युनियन खोलताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन कॉकनं दाब शून्य झाल्याची खात्री करा. पाइपात नुसतं पाणी दिसलं तरी ते १०० अंशांच्या वरचं असू शकतं, सुटलं की वाफ होऊन अंगावर येतं.

पहिल्यांदा सुरू करताना ड्रेन कॉक उघडा ठेवून मेन व्हॉल्व्ह पाव फेरी. पाइप तापेपर्यंत घाई नाही. ड्रेनमधून वाफ कोरडी यायला लागली की तो बंद, मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण.

तपासणी इन्फ्रारेड गननं केली, पण चकचकीत पाइपवर ती गन कमी तापमान दाखवते. मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. रेडिएटरचा वरचा हेडर, खालचा हेडर आणि ट्रॅपचं तोंड यांत दोन-चार अंशांचाच फरक हवा. खालचा हेडर १३० च्या आसपास आणि ट्रॅपचं तोंड ९० असेल तर स्ट्रेनर तुंबला आहे. दोन्ही थंड असतील तर पाणी आत उभं आहे, ट्रॅप बंद पडला आहे किंवा हवा अडकली आहे. टाकीच्या व्हेंटमधून वाफ दिसते म्हणून ट्रॅप गळतो असं समजू नका. पाण्यातून उठलेली वाफ तोंडापासूनच पांढरी, मंद असते. ट्रॅप उघडा पडून सुटलेली वाफ जोरात येते, आणि तोंडाशी काही अंतर काहीच दिसत नाही, पांढरेपण पुढे सुरू होतं.

गंजाबद्दल. आपल्या बोअरचं पाणी कठीण. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, बायकार्बोनेट तसंच राहतं. बॉयलरमध्ये ते फुटून कार्बन डायऑक्साइड होतो, वाफेबरोबर रेडिएटरमध्ये येतो आणि साठलेल्या पाण्यात विरघळून आम्ल बनतं. म्हणून खड्डे नेहमी तळालाच पडतात. पाणी उभं राहिलं नाही तर हा मारा बराच कमी होतो, शिवाय परतीच्या पाण्याचा पीएच बघून बॉयलरच्या केमिकलवाल्याशी बोला, साडेआठच्या आसपास राहिला तर बरं. हे पाणी परत घेण्यात फायदाही मोठा. फीड वॉटर दर ६ अंश जास्त गरम गेलं तर इंधन साधारण एक टक्का वाचतं. ३० चं ७२ झालं तर सात टक्के ब्रिकेट कमी, आणि सॉफ्टनरचं मीठही कमी लागतं.

स्ट्रेनर पहिल्या आठवड्यात दोनदा उघडून बघा, नव्या लाइनमधला गंज तेवढ्यात येतो. नंतर महिन्यातून एकदा पुरतं. पांढऱ्या कांद्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी फ्लोट ट्रॅपचं झाकण काढून फ्लोट कानाशी हलवायचा. आत पाणी वाजलं तर तो फुटला आहे. ट्रॅपचं माप, सीटचा दाब आणि बसवल्याची तारीख खड्ड्याच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवा, आणि त्याच दाबाची एक सीट, एक फ्लोट, एक कॅप्सूल स्टोअरमध्ये असू द्या.